अर्थशास्त्रज्ञ डॉ. आंबेडकर : ग्रंथालयातून विधिमंडळात

अर्थशास्त्राचा अभ्यासक राजकारणात उतरला की त्याचे काय होते, हा प्रश्न विसाव्या शतकाने जगापुढे वारंवार ठेवला. योसेफ शुम्पेटर हा प्रकांड पंडित १९१९ साली ऑस्ट्रियाचा अर्थमंत्री झाला आणि काही महिन्यांतच त्याला ते पद सोडावे लागले. पोलंडचे ऑस्कर लांगे हे समाजवादी अर्थशास्त्राचे मोठे भाष्यकार. ते महायुद्धानंतर आपल्या देशाचे अमेरिकेतील राजदूत झाले आणि पुढे आपल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आखणीच्या काळात सल्लागार म्हणून भारतातही येऊन गेले. त्याच पोलंडमध्ये १९८९ साली लेशेक बाल्त्सेरोविच या प्राध्यापकाच्या हाती अर्थखाते आले आणि १९९० च्या पहिल्या दिवसापासून साऱ्या देशाची अर्थव्यवस्था नव्या वाटेने चालू लागली. आपल्याकडे १९९१ साली डॉ. मनमोहन सिंग यांच्या रूपाने हेच घडले. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या विद्येची गरज राज्यकर्त्यांना भासली आणि त्या विद्येला साजेसे काम त्यांच्याकडे सोपविले गेले.

या मालिकेत ज्याचे नाव सहसा घेतले जात नाही, असा एक मराठी अर्थशास्त्रज्ञ आहे. कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी. आणि लंडनची डी. एस्सी. या दोन्ही पदव्या त्याने अर्थशास्त्रात मिळविल्या होत्या. तो तीस वर्षे राजकारणात होता, केंद्रीय मंत्री झाला. परंतु अर्थ वा नियोजन खाते त्याच्याकडे कधीही आले नाही. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्राची ही बाजू आपण पुष्कळदा ओलांडून पुढे जातो. राज्यघटनेचे शिल्पकार आणि अस्पृश्यांचे उद्धारक या दोन प्रतिमा इतक्या भव्य आहेत की त्यांच्या सावलीत रुपयाचा इतिहास लिहिणारा तरुण संशोधक दिसेनासा होतो. प्रस्तुत लेखात त्या संशोधकाचा माग काढण्याचा प्रयत्न आहे. धारवाडसारख्या गावातून तो काढण्यास एक कारणही आहे. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईच्या राज्यकारभाराखाली होता. त्यामुळे मुंबईच्या विधिमंडळात शेतसारा, जमिनीचे तुकडे वा वतने यांविषयी बाबासाहेब जे बोलले, ते जसे कोकणातल्या कुळासाठी होते तसेच इथल्या काळ्या मातीतल्या कापूसकऱ्यासाठीही होते.

सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबियात त्यांनी अनेक विषय अभ्यासले, तरी मुख्य ओढा अर्थशास्त्राकडेच होता. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार या विषयावर त्यांनी एम. ए. साठी प्रबंध लिहिला आणि पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर पीएच. डी. चे संशोधन केले. हा ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि लेखकाने तो सयाजीरावांना अर्पण केला.

विषय वरवर रूक्ष वाटतो. १८३३ नंतर हिंदुस्थानचा सारा महसूल कलकत्त्याच्या मध्यवर्ती सरकारच्या हाती एकवटला. प्रांतांनी खर्च करावा आणि मध्यवर्ती सरकारने पैसा पुरवावा, अशी ही रचना होती. जो खर्च करतो त्याला पैसा उभा करण्याची जबाबदारी नाही आणि जो पैसा उभा करतो त्याला खर्चाची गरज जवळून दिसत नाही, अशा कारभारात उधळपट्टी आणि ओढाताण दोन्ही एकदम वाढतात. लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० नंतर, ही गाठ सोडविण्यास आरंभ झाला. प्रथम प्रांतांना ठरावीक रकमा देण्यात आल्या. १८७७ नंतर काही उत्पन्नाच्या बाबी त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. १८८२ पासून काही करांचे उत्पन्न दोघांत वाटून घेण्याची पद्धत आली. आंबेडकरांनी हे तीन टप्पे आकडेवारीनिशी मांडले. त्याचबरोबर परक्या नोकरशाहीच्या करधोरणाचा भार कोणावर पडला आणि तो पैसा लोकांच्या शिक्षणावर वा आरोग्यावर किती थोडा खर्ची पडला, हेही दाखवून दिले. जमाखर्चाच्या वहीतून राज्याची नीती वाचावयाची, ही त्यांची दृष्टी येथेच घडली.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यास शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे पडत चालले आहेत, ते एकत्र करावेत आणि पुढील वाटण्यांना कायद्याने बंदी घालावी, असा त्या काळी तज्ज्ञांचा सूर होता. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख कीटिंग यांचेही मत असेच होते. आंबेडकरांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. शेत किफायतशीर आहे की नाही, हे त्याच्या लांबीरुंदीवरून ठरत नाही. जमिनीच्या मानाने भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण योग्य आहे की नाही, यावर ते अवलंबून असते. बैल, अवजारे व पैसा यांची वाण असलेल्या शेतकऱ्याला आणखी चार एकर दिल्याने तो सुधारत नाही. उलट ती जमीनही त्याला जड होते. खरे दुखणे असे की शेतीवर पोट भरणारी माणसे फार झाली आहेत आणि त्यांना दुसरे काम नाही. तेव्हा शेतीचा उपाय बव्हंशी शेतीबाहेर, उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे. भारतीय शेतीतील दडलेल्या बेकारीची चर्चा पुढे विद्वानांनी पुष्कळ केली. तिचे बीज सत्तावीस वर्षांच्या या प्राध्यापकाच्या निबंधात स्पष्ट दिसते.

पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी स्नेह्याचे कर्ज घेऊन आंबेडकर १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. झाले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळाली. तो ग्रंथ त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. चांदीचा भाव कोसळल्यामुळे १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. पुढे सुवर्ण चलनाऐवजी सुवर्ण विनिमय पद्धती रूढ झाली. म्हणजे देशात चांदीचा रुपया चालावयाचा आणि परदेशी देण्याघेण्यासाठी त्याची किंमत सोन्याशी, पर्यायाने पौंडाशी, बांधून ठेवावयाची. ही व्यवस्था शहाणपणाची आहे, असे १९१३ साली जॉन मेनार्ड केन्स यांनी ग्रंथ लिहून प्रतिपादिले होते. पहिल्या महायुद्धात तिचा पाया हलला. चांदी महागली, रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर गेला आणि नंतर घसरला. आंबेडकरांनी केन्ससारख्या अधिकारी पुरुषाचे मत खोडून काढण्याचे धाडस केले. त्यांचे म्हणणे असे की या व्यवस्थेत रुपये किती पाडावेत यावर कोणताही अंकुश नाही. सर्व काही सरकारच्या मर्जीवर आहे. चलनाचा विस्तार बेसुमार झाला की भाववाढ होणारच आणि रुपयाची परदेशातील किंमत नुसत्या हुकुमाने टिकणार नाही. म्हणून रुपयाची टांकसाळ सरकारलाही बंद करावी, चलनसंख्येला निश्चित मर्यादा घालावी आणि सोन्याचे नाणे प्रचारात आणावे, असा उपाय त्यांनी सुचविला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवूनही या विवेचनाच्या ताजेपणाचे कौतुक केले.

या चर्चेत आजच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असे मुंबईचे व्यापारी व गिरणीमालक मांडीत. हुबळी-धारवाडचा कापूस परदेशी जात असल्याने इकडेही ते मत ऐकावयास गोड वाटावे असेच होते. आंबेडकरांनी विचारले की हा फायदा कोणाचा? रुपया स्वस्त झाल्याने बाहेरचा कोणी आपल्याला काही देत नाही. देशात भाव चढतात, मजुरी त्या वेगाने चढत नाही, आणि मजुराच्या ताटातले उचलून व्यापाऱ्याच्या पेटीत जाते. म्हणजे एका देशाने दुसऱ्यावर मात केली असे नसून एका वर्गाने आपल्याच देशातील दुसऱ्या वर्गाचे काढून घेतले, एवढाच त्याचा अर्थ. हिल्टन यंग आयोगापुढे डिसेंबर १९२५ मध्ये साक्ष देतानाही ते सुवर्ण विनिमय पद्धतीच्या विरोधावर ठाम राहिले.

येथे एका प्रचलित समजाचा परामर्श घेणे उचित होईल. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावरून स्थापन झाली, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ साली ती बँक सुरू झाली, हे खरे. आंबेडकरांनी आयोगापुढे साक्ष दिली, हेही खरे. परंतु या दोन सत्यांची गाठ मारून तिसरे तयार करणे इतिहासाला धरून नाही. त्यांचा भर चलनसंख्येवर मर्यादा घालण्यावर होता आणि त्यांचा मुख्य उपाय आयोगाने स्वीकारला नाही. ज्याने आयुष्यभर पुराव्याशिवाय विधान केले नाही, त्याचा गौरव पुराव्याशिवाय करू नये. त्याच्या ग्रंथाचे खरे मोल त्यातील प्रश्नात आहे.

मायदेशी परतलेल्या या डॉक्टरला त्याच्या विद्येजोगे स्थान मिळाले नाही. त्यांनी वकिली सुरू केली आणि काही वर्षे एका हिशेबशिक्षण संस्थेत व्यापारी कायदाही शिकविला. परंतु १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली, १९२५ साली निपाणीस परिषद भरली, आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. संशोधकाचे आयुष्य तेथे संपले, असे अनेक चरित्रकार सुचवितात. मला ते तितकेसे मान्य नाही.

कारण असे की महाडच्या सत्याग्रहाच्या जेमतेम महिनाभर आधी, २४ फेब्रुवारी १९२७ रोजी, आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केले. नामनियुक्त सभासद म्हणून ते नुकतेच तेथे आले होते. प्राप्तिकर एका मर्यादेखालील उत्पन्नाला माफ आहे. मग शेतसारा एका एकराच्या धन्यालाही का द्यावा लागतो, असा त्यांचा सवाल होता. पीक येवो वा न येवो, सारा ठरलेला. करभाराची न्याय्यता मोजण्याचे हे माप प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या ग्रंथातलेच होते; फक्त ते आता विधिमंडळात वापरले जात होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लहान शेतजमिनींचे विधेयक आले, तेव्हा १९१८ चा निबंध जणू उभा राहून बोलू लागला. वाटणी बंद केली तर धाकटे भाऊ भूमिहीन होतील आणि मजुरांची संख्या तेवढी वाढेल, असे सांगून त्यांनी विरोध केला आणि सहकारी शेतीचा मार्ग सुचविला. हे विधेयक धारवाड, विजापूर व बेळगाव या जिल्ह्यांनाही लागू होणारे होते.

पुढील वर्षी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविताना त्यांनी वतन या संस्थेचे आर्थिक स्वरूप उघडे केले. थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे धान्य एवढ्या मोबदल्यात एका जातीकडून सरकार अष्टौप्रहर चाकरी घेते, आणि त्या तुटपुंज्या हक्काच्या मोहाने माणूस गाव व धंदा सोडू शकत नाही. १९३६ च्या जातिविषयक प्रसिद्ध निबंधातही हाच धागा आहे. जात ही केवळ कामे वाटून देत नाही. ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि त्यांच्यात उतरंड लावते. श्रमाला जेथे हलता येत नाही तेथे उद्योग वाढणार कसे, हा अर्थशास्त्राचा प्रश्न त्यांनी समाजशास्त्राच्या दाराशी नेऊन ठेवला.

१९३६ साली त्यांनी काढलेल्या पक्षाचे नावच स्वतंत्र मजूर पक्ष असे होते. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. नोव्हेंबरात औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला. खोतीचा कायदा १९४९ साली झाला, तेव्हा मूळ विधेयकाला बारा वर्षे लोटली होती.

याच काळाच्या आरंभी धारवाडला दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. १९२८ साली स्थापन झालेल्या दलित वर्ग शिक्षण संस्थेने ते सरकारी अनुदानावर चालविले. प्रांतिक सरकारचा पैसा कोठे जातो, याचा शोध न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात घेणाऱ्या माणसाने त्या पैशाचा एक लहानसा पाट आपल्या गावाकडे वळविला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. शिक्षणावरील खर्चाची चर्चा त्यांनी नेहमी विधिमंडळात केली. तिचे प्रत्यक्ष रूप म्हणजे वसतिगृहातले ताट आणि रात्रीचा दिवा.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. अर्थशास्त्रज्ञ आंबेडकरांना सत्तेची जी काही संधी मिळाली ती हीच. पाटबंधारे व वीज हे विषयही त्या खात्याच्या कक्षेत येत. दामोदर खोऱ्याची योजना, ओरिसातील महानदीवरील धरणाची पूर्वतयारी, मालक-मजूर-सरकार यांच्या त्रिपक्षीय परिषदा आणि कारखान्यातील आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही त्या चार वर्षांची कमाई. शेतीवरील भार उद्योगांकडे वळवावा, हा १९१८ चा विचार आता धरणांच्या व विजेच्या नकाशांवर उतरत होता.

१९४७ साली संस्थाने आणि अल्पसंख्याक हे निवेदन लिहून त्यांनी याहून मोठी झेप घेतली. मूलभूत उद्योग व विमा राज्याच्या मालकीचे असावेत, शेती हा राज्याचा उद्योग मानून ती सामुदायिक रीतीने करावी, आणि हे सारे घटनेतच लिहून ठेवावे, म्हणजे निवडणुकीतील बहुमत बदलले तरी ते ढळणार नाही, अशी ती मांडणी होती. आज या योजनेतील सामुदायिक शेतीचा आग्रह आपल्याला पटेलच असे नाही. रशियाचा अनुभव पाहता शंका घ्यावयास जागा आहे. घटना समितीने तिचा स्वीकार केला नाही आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जी घटना सिद्ध केली तीत हे आर्थिक हक्क नाहीत. परंतु दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमून केंद्र व राज्ये यांच्यात करांचे उत्पन्न वाटावे, अशी तरतूद असलेले २८० वे कलम वाचताना, केंद्र आणि प्रांत यांच्या अर्थव्यवहाराचा इतिहास लिहिणारा तरुण विद्यार्थी आठवल्यावाचून राहत नाही. हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाचे पद घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचे होय, असे त्यांनी घटना समितीत सांगितले, तेही या संस्काराला साजेसेच होते.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे कायदा खाते आले. अर्थखाते प्रथम षण्मुखम चेट्टी, नंतर जॉन मथाई आणि १९५० पासून चिंतामणराव देशमुख यांच्याकडे होते. देशमुखांची योग्यता निर्विवाद होती. परंतु केंब्रिजला त्यांचा अभ्यास निसर्गविज्ञानाचा होता, हे येथे नमूद करावेसे वाटते. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. हिंदू संहिता विधेयकाची झालेली परवड हे त्याचे तात्कालिक कारण सर्वांस ठाऊक आहे. पण राजीनाम्याच्या निवेदनात पहिले गाऱ्हाणे वेगळेच आहे. आपण मूलतः अर्थशास्त्राचे अभ्यासक असूनही आर्थिक प्रश्नांच्या मंत्रिसमितीतून आपल्याला वगळण्यात आले होते आणि नियोजन खाते देण्याचे आश्वासनही पुरे झाले नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. या तक्रारीत पदाचा लोभ पाहणे अन्यायाचे होईल. एका माणसाची विद्या त्याच्या जातीच्या प्रश्नापुरतीच उपयोगी मानावयाची आणि राष्ट्राच्या तिजोरीच्या प्रश्नात त्याला विचारावयाचे नाही, हा जो सूक्ष्म बहिष्कार असतो त्याची ती नोंद आहे.

आयुष्याच्या अखेरीस भाषावार राज्यांचा प्रश्न आला, तेव्हाही त्यांची नजर हिशेबाच्या वहीवर होती. १९४८ साली त्यांनी मुंबईसह एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडली होती. १९५५ च्या पुस्तकात मराठी भाषिकांची चार राज्ये सुचविली. दोन्ही वेळी महसूल, लोकसंख्या आणि कारभाराची क्षमता यांचे आकडे पुढे ठेवले. एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचे राज्य एकच असावे असे नाही, हे त्यांचे सूत्र. लहान राज्यात अल्पसंख्याकांवरील दडपण कमी राहील, असे त्यांना वाटे. सीमाप्रश्नाने मने पोळलेल्या आपल्यासारख्यांना हे विवेचन सोयीचे नाही. ते आपल्या भावनेची बाजू घेत नाही आणि समोरच्याचीही घेत नाही. बहुसंख्य कोणीही असो, अल्पसंख्याकाचे काय, एवढेच ते विचारते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड म्हैसूर राज्यात गेले आणि इथला मराठी माणूस अल्पसंख्य झाला. पाच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, तो प्रश्न विचारणारा माणूस गेला.

राजकारणाने आंबेडकरांमधील अर्थशास्त्रज्ञ गिळला, असे म्हणणे सोपे आहे. रुपयाच्या ग्रंथाच्या तोडीचा अर्थशास्त्रीय प्रबंध त्यांनी पुन्हा लिहिला नाही, ही हानी झालीच. परंतु शुम्पेटर किंवा बाल्त्सेरोविच यांच्याप्रमाणे त्यांना खाते मिळाले नसले, तरी त्यांनी आपला विषय सोडला नाही. अमुक धोरणाने देशाचा फायदा झाला असे कोणी म्हणाला की तो देशातल्या कोणाचा झाला आणि किंमत कोणी मोजली, हे ते शेवटपर्यंत विचारीत राहिले. आजही रुपया घसरला, कापसाचा भाव पडला, वा राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला की वर्तमानपत्रांत मोठमोठे आकडे येतात. त्या आकड्यांपुढे हाच प्रश्न ठेवला, तर त्या अभ्यासकाचे ऋण काही अंशी फिटेल.